दोन पाय वर

वेताळ टेकडीच्या खाणीकडल्या उतारावर
गिरिपुष्पाचा वाळका पाला बाजूला सारून
आम्ही प्लास्टिकचे पेले पुरतो,
काठ मातीच्या बरोबरीला, तळाशी बोटभर अल्कोहोल.
सकाळी फिरायला आलेले विचारतात, "काय शोधताय हो?"
आणि उत्तर मिळायच्या आत
वळणापलीकडे गेलेले असतात.

चौथ्या दिवशी एका पेल्यात तेवीस मुंग्या.
प्रयोगशाळेचे पासलकर मामा चिमट्यानं मोजून म्हणाले, बावीस.
मी परत मोजल्या.
तेवीस.
"तेविसावी नीट बघ पोरी. तिला कंबर न्हाई.
अन् दोन पाय जास्तीचे हायेत."

तांदळाच्या कणीएवढा कोळी.
जाळं विणत नाही, भिंतीवर चढत नाही,
पुस्तकात त्याच्या जातकुळीवर चार ओळी,
त्यातली एक अशी की मादी अजून कुणी पाहिलेली नाही.
नाव नाही. बाटलीवर नंबर.

जिवंतपणी तो पुढचे दोन पाय उचलून धरतो
आणि हवेत हलवत राहतो, मुंगीच्या मिशा हलतात तसे.
उरलेल्या सहांवर चालतो,
तेही सरळ नाही,
थबकत, काही विसरल्यासारखा मागे वळत.
पण मुंग्यांना डोळ्यांचं फार कौतुक नसतं, त्या वास विचारतात.
म्हणून एक मेलेली मुंगी तोंडापुढे धरून
तो त्यांच्या दाराशी येतो.
दारावरची पुढे होते, हुंगते:
आपलीच दिसते. मेलीय बिचारी.
जाऊ दे.

मी एरंडवण्यात राहते, आगाशे काकूंकडे, कॉट बेसिसवर.
पहिल्याच आठवड्यात दारातून म्हणाले,
"काकू, मी बाहेर जायले."
काकू हसल्या. वाईट नाही हसल्या.
"कुठे जायलेस गं?" म्हणाल्या, गोड वाटलं म्हणून,
आणि संध्याकाळी बहिणीला फोनवर पुन्हा म्हणून दाखवलं.
तेव्हापासून मी जातेय, येतेय, करतेय,
पानी नाही, पाणी,
जीभ टाळूला लावून, थबकत.
रविवारी गच्चीवर टाकीच्या मागे उभी राहून
परभणीला फोन लावते
आणि सगळे पाय खाली टेकवते.
"जेवायलीस का, माय?"
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग आई म्हणते, "तू बी आता पुण्यावाणीच बोलायलीस."
मी तर काहीच बदललं नव्हतं
त्या वाक्यात.

हे मी मामांना सांगितलं, कोळ्याशी जुळवून,
जरा सजवूनच.
ते बाटल्या विसळत होते.
"त्यो मुंग्या खातो, पोरी," म्हणाले.
"आत जाऊन खातो. तू कुणाला खाल्लंस?"
मला उत्तर आलं नाही.
मामांचं गाव वरसगावच्या पाण्याखाली आहे,
त्यांच्या वडिलांनी शेवटचं पाहिलेलं.
पुण्याच्या कुठल्याही नळावर हात धुताना
मामा तो अर्धाच सोडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली मी त्याला उताणा केला.
मेल्यावर कोळ्याचे पाय आत वळतात,
आठच्या आठ,
मूठ मिटावी तसे.
त्यातले कुठले दोन वर असायचे
आता सांगता येत नाही.
मी सुईनं एकेक उलगडून पाहिला.
मामांनी रजिस्टरात लिहिलं: मुंग्या बावीस,
आणि पुढच्या रकान्यात, जरा दाबून, एक.

शनिवारी पेले काढले, खड्डे हातानंच बुजवले.
मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, चावल्या,
त्यांचा तो आंबट वास साबणानंही गेला नाही.
काकूंनी दार उघडलं.
उंबऱ्याशीच क्षणभर थांबल्या,
नाक जरासं वर,
मग बाजूला झाल्या.
"ये," म्हणाल्या, "चहा टाकलाय."